खळ्यापाशी थांबलेलं यंत्र

यंत्रांशी माझं कधी वाकडं नव्हतं. खोपोलीच्या एका कारखान्यात मी फिटर होतो. बेअरिंगच्या आवाजावरून बिघाड कुठे आहे ते सांगायचो, आणि पॅनलवरचं लाल बटण कधी दाबायचं, कधी नाही, हे नव्याने लागलेल्यांना शिकवायचो. पण ती सगळी यंत्रं मी बाहेरून पाहिलेली. माणसाला यंत्राच्या आत घालून बांधतात आणि वर 'कसं वाटतंय?' म्हणून विचारतात, हे मला ठाऊक नव्हतं.

खालापूरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, ते संशोधन केंद्र आहे. हॉलच्या मध्यभागी जमिनीवर चालता पट्टा, त्यावर लोखंडी सांगाडा आणि छताला लोंबकळणारं जॅकेट. मला व्हीलचेअरवरून त्या जॅकेटात घालायचे, काखेखालून, मांड्यांमधून पट्टे आवळायचे आणि कप्पीने वर उचलायचे. खाटकाच्या दुकानात बोकड टांगतात तसा मी लटकायचो. मग सांगाड्याचे पाय माझ्या पायांना बाहेरून बांधायचे, मांडीला, गुडघ्याखाली, घोट्याला. शेवटी डोळ्यांवर तो मोठा गॉगल. त्याला तिथे काहीतरी इंग्रजी नाव होतं. माझ्या धाकट्या भावाने पहिल्याच दिवशी त्याला झापड म्हटलं, घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर बांधतात ती, आणि आमच्यापुरतं तेच नाव राहिलं. पट्टा सुरू झाला की सांगाडा चालू लागायचा, आणि त्याच्या आत मीही चालायचो. खरं म्हणजे चालवला जायचो.

त्याआधीच्या हिवाळ्यात मी मोटरसायकलवरून पडलो होतो. सेकंड शिफ्ट संपवून खोपोलीहून कर्जतकडे परतत होतो, समोरून येणाऱ्या डंपरला जागा द्यायला गेलो आणि कडेच्या चरीत गेलो. डंपरवाल्याने मला धक्कासुद्धा लावला नाही, त्यामुळे शिव्या कुणाला द्यायच्या हेही मला कधी कळलं नाही. कमरेखालचं सगळं गेलं. केंद्रातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की पाठीच्या कण्यातली दोरी पुरती तुटलेली नाही, काही धागे शिल्लक असतील. त्या 'असतील'वर आमचं अख्खं घर वर्षभर जगत होतं.

संशोधनाचे दोन टप्पे होते. पहिल्या टप्प्यात सगळ्यांना यंत्रावर चालवायचं आणि शेवटी तपासायचं की पाय स्वतःहून काही करतात का. कणभर जरी करत असतील तर दुसरा टप्पा, बराच लांबचा, खऱ्या मेहनतीचा. काहीच करत नसतील तर चहा, आभार आणि नारळ. यंत्र एक आणि वाट बघणारी माणसं पुष्कळ, म्हणून त्यात कुणाचा दोष नव्हता. हे सगळं डॉक्टरबाईंनी मला आधीच स्वच्छ सांगितलं होतं. बाई गोड बोलत नसत, म्हणून मला आवडायच्या.

नारळ मिळाला तर परत कुठे जायचं, ते मला चांगलं माहीत होतं. आमच्या घराच्या ओटीवर, खिडकीजवळ माझी खाट होती. मी पाणी म्हणायच्या आत तांब्या हजर असायचा. कूस बदलायची म्हणून नुसता खांदा हलवला तरी बायको आतून धावत यायची, 'तुमी नका तरास घेऊ' म्हणत मला वळवायची. वडील पूर्वी माझ्याशी दोनच प्रकारे बोलायचे, एक हुकूम आणि दुसरी शिवी. ते आता माझ्याशी पाहुण्यासारखं बोलायला लागले होते. मला कुणी काही सांगेना. उठ नाही, जा नाही, हे आण ते आण नाही. माणूस मेल्यावर त्याच्याविषयी वाईट बोलत नाहीत, तसं माझं जिवंतपणी चाललं होतं. एकदा मी तो तांब्या भिंतीवर फेकला. बायकोने न बोलता पाणी पुसलं आणि दुसरा भरून आणला. त्या दिवशी मला वाटलं, भिंती असलेला तुरुंग परवडला, निदान त्याच्यावर डोकं तरी आपटता येतं.

म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा भाऊ मला त्याच्या टेंपोत घालून केंद्रात न्यायचा, तेव्हा मी सुटल्यासारखा निघायचो आणि तिथे जाऊन पट्ट्यांत अडकायचो. हॉलमधल्या पडद्यावर दोन रंगांच्या पट्ट्या दिसत. निळी म्हणजे यंत्राने लावलेला जोर, केशरी म्हणजे माझा. निळी छताला भिडलेली असायची. केशरी असायची म्हणजे, रांगोळीची रेघ पुसल्यावर मागे जेवढी राहते तेवढी. यंत्र सांभाळणारी इंजिनीअर मुलगी पुण्याची होती. ती म्हणायची, काका, मनात जोर लावा, पाय पुढे टाकतोय असा विचार करा. मी विचार करायचो. कपाळाच्या शिरा फुगायच्या, दात एकमेकांवर घासायचे, आणि केशरी रेघ होती तिथेच राहायची.

झापडीच्या आत तेव्हा एक परदेशी जंगल होतं. उंच सरळसोट झाडं, मधून पायवाट, लांब डोंगरावर बर्फ. सुरुवातीला बरं वाटलं. मग मला त्या जंगलाचा वीट आला. वाटेवर शेण नाही, चिखल नाही, कुणी माणूस समोरून येत नाही, कुत्रंसुद्धा भुंकत नाही. एकदा मी वैतागून म्हणालो की असल्या रस्त्याने मी जन्मात चाललो नाही, पायांना काय कळणार कुठे चाललोय ते. मी टोमणा मारला होता, पण मुलीने तो मनावर घेतला. तिला वाटलं, यात तथ्य असू शकतं. ओळखीची वाट दाखवली तर पायांना काही आठवतं का, हे बघण्यासारखं होतं.

मग तिने आमच्या भावाला हेल्मेट दिलं. त्याच्यावर चहूबाजूंचं टिपणारा कॅमेरा बसवलेला. घरापासून निघायचं, गल्लीतून बाहेर पडायचं, ओढ्याच्या साकवावरून बांधावर चढायचं आणि शेतातल्या खळ्यापर्यंत जायचं, माझी रोजची वाट. तिने भावाला बजावलं की एकसारखं चालायचं, मध्ये थांबायचं नाही, वाकायचं नाही, नाहीतर चित्र हलतं. दिवाळी होऊन गेली होती, भात कापून झालं होतं, खळ्यावर झोडणी चालू होती. भाऊ हेल्मेट घालून गावातून चालला तेव्हा लोकांची चांगली करमणूक झाली असं बायकोने नंतर सांगितलं.

पुढच्या वेळी झापड लागली आणि मी आमच्या अंगणात उभा होतो. तुळस, मोरीजवळची बादली, भिंतीला टेकवलेली माझी मोडकी मोटरसायकल, सगळं जिथल्या तिथे. सांगाडा चालू लागला आणि मी गल्लीत आलो. मी खाली पाहिलं तर भावाची पँट आणि भावाचे पांढरे बूट. सावली पडली होती तीही त्याचीच, त्याच्या रुंद खांद्यांची. मी माझ्या गावातून चाललो होतो, पण भावाच्या अंगात कोंडलेला. पारावर बसलेल्या माणसाने हात वर करून विचारलं, 'काय रं, आज चंद्रावर निघालास काय?' आणि मी हसून उत्तर दिलं. हॉलमध्ये माझा आवाज घुमला. पारावरच्याला तो कसा ऐकू जाणार?

ओढ्याच्या अलीकडे शेजारच्या घरातली काकी भेटली. काकीने मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं. तिने जवळ येऊन थेट माझ्या डोळ्यांत बघितलं, म्हणजे कॅमेऱ्यात, आणि विचारलं, 'भाऊ कसा हाय रं तुझा?'

माझ्या तोंडाच्या जागेवरून भावाचा आवाज आला. 'हाय तसाच. आता काय व्हायचं नाय त्याचं काकी. आपलं न्यायचं नि आनायचं.'

तो चालतच राहिला, कारण त्याला थांबू नको म्हणून सांगितलं होतं. बिचाऱ्याला कॅमेरा आवाजही टिपतो हे सुचलं नसावं. आणि मला चालणं भाग होतं. कान झाकावेत तर हात बाजूच्या दांड्यांवर पट्ट्याने बांधलेले, तोंड फिरवावं तर चहूबाजूंना तोच साकव, तोच ओढा, आणि खाली त्याचे बूट एकामागून एक पडताहेत. घरात वर्षभर माझ्यासमोर जे कुणी बोललं नव्हतं, ते मला भावाच्या अंगात शिरून ऐकावं लागलं. डोळ्यांत पाणी आलं आणि झापडीची काच आतून धुरकट झाली.

बांध संपला. समोर आमचं खळं. शेणाने सारवलेलं, मधोमध भाताची रास, एका अंगाला पेंढ्याची उडवी. कडेला नेहमीसारख्या चपला काढून ठेवलेल्या, वडिलांच्या, बायकोच्या, झोडायला आलेल्या गड्यांच्या. खळ्यावर लक्ष्मी असते, तिथे पायताण घालून पाऊल टाकायचं नाही, हे आमच्याकडे मूल चालायला लागतं तेव्हाच त्याला कळतं. लहानपणी मी एकदा चेंडूमागे धावत चपलेसकट खळ्यात गेलो होतो, तेव्हा वडिलांनी त्याच चपलेने मला परत बाहेर आणलं होतं. आणि भाऊ थांबला नाही. वाकायचं नाही म्हटलं होतं ना! ते पांढरे बूट चपलांच्या ओळीपाशी आले, ओलांडून पुढे झाले, आणि उजवा बूट सारवलेल्या खळ्यावर पडायला उचलला गेला.

मी काही ठरवलं नाही. एवढंच कळलं की हे होता कामा नये. कमरेतून खाली काहीतरी ताठ झालं, सांगाडा कुरकुरला, धक्का बसला आणि सगळं जागच्या जागी थांबलं. यंत्र बीप बीप करायला लागलं.

आवाज मला ओळखीचा होता. मोटर ट्रिप झाली होती. फिटरला हे सांगावं लागत नाही: मोटर ट्रिप होते म्हणजे कुठेतरी काहीतरी अडकलेलं असतं. मुलीने धावत येऊन झापड काढली, पट्टे तपासले, सांधे तपासले, पट्ट्याखाली बॅटरी मारून पाहिलं. काही अडकलं नव्हतं. मग तिने पडद्यावर मागचं चित्र आणलं आणि डॉक्टरबाईंना हाक मारली. केशरी रेघ वर चढून निळीला जाऊन धडकली होती. इतके दिवस मी यंत्राच्या बरोबर चालायला जीव टाकत होतो तेव्हा काही नाही, आणि त्याला आडवा गेलो तेव्हा दिसलो.

डॉक्टरबाईंनी मांडीवर हात ठेवला. कातडीला काही कळलं नाही, पण त्यांच्या बोटांना आत काय ते कळत होतं. त्यांनी विचारलं, काय झालं होतं? मी म्हणालो, बूट. त्यांना समजेना, मग मी खळ्याचं सांगितलं. काकीचं सांगितलं नाही. इंजिनीअर मुलीने ते पडद्याशी बसून ऐकलं होतं. तिने खाली बघून हळूच विचारलं की तेवढा आवाज काढून टाकू का. मी म्हटलं, राहू दे.

बाई हुरळल्या नाहीत. त्या म्हणाल्या की हा स्नायूंचा आपोआप आलेला झटकाही असू शकतो, तो आपला म्हणून धरता येत नाही. सांगितल्यावर, ठरवून करून दाखवता आलं तरच ते तुमचं. पहिल्या टप्प्याची तपासणी पुढच्याच आठवड्यात होती.

परतताना मी भावाला एवढंच म्हणालो की तू बूट घालून खळ्यात गेलास. तो चपापला. म्हणाला, त्या पोरीनं थांबू नको म्हटलेलं, आणि नंतर बाबांनी मला काय बाकी ठेवलं नाय, रास उचलायच्या आधी सगळं खळं परत सारवून घेतलं माझ्याकडून. मला त्याचा राग आला होता, आणि राग करायला त्याच्याशिवाय मला कोण होतं? पहाटे उठून भाड्याच्या फेऱ्या आटोपून तोच मला न्यायचा. जॅकेटात उचलून तोच घालायचा. मला हगवणं-मुतवणंसुद्धा त्याने केलं होतं. असल्या माणसावर धड रागावताही येत नाही, हा आणखी एक पट्टा होता.

तपासणीच्या दिवशी मांडीवर तारांचे चिकट गोळे लावले. मुलगी म्हणाली, आधी तीच वाट दाखवूया. यावेळी डॉक्टरबाईंना काय होतं ते नीट बघायचं होतं, म्हणून हॉलच्या पडद्यावरही चित्र सुरू होतं आणि आवाजही मोठा होता. भाऊ भिंतीशी उभा होता. मी झापडीत होतो, मला तो दिसत नव्हता. पार आला, साकव आला, काकी आली. 'भाऊ कसा हाय रं तुझा?' हॉलभर ऐकू आलं. आणि मग त्याचा आवाज, त्याच्याच समोर, त्याच्यापेक्षा मोठा. 'आता काय व्हायचं नाय त्याचं.' यंत्राचे पाय तेवढे धपधप पडत राहिले.

खळं आलं. मी वाटच बघत होतो, आणि तिथेच घात झाला. चपलांची ओळ आली, बूट उचलला गेला, मी सगळा जीव त्या पायात ओतला, आणि पाय बुटासकट खळ्यात गेला. राशीवरूनसुद्धा चालत गेला. यंत्राला कळलंही नाही की आत कुणी आहे.

झापड काढली तेव्हा डॉक्टरबाई लिहीत होत्या. त्यांनी अजून एकदा साधी तपासणी घेतली, नियमाप्रमाणे. पट्टा संथ चालू, समोर कोरी भिंत, आणि त्या म्हणतील तेव्हा मी पाऊल पुढे रेटायचं. 'चाला.' काही नाही. 'चाला.' काही नाही. मुलीने पडद्याकडे बघणं सोडून दिलं होतं. मला ओटीवरची खाट दिसायला लागली. खिडकी, तांब्या, 'तुमी नका तरास घेऊ.' मला इतकी भीती चरीत पडलो तेव्हाही वाटली नव्हती.

आणि भीतीत माझं फिटरचं डोकं चाललं. अडकलेलं यंत्र पुढे रेटून सुटत नाही, आधी ते कुठे थांबतं ते बघायचं असतं. मी म्हणालो, 'बाई, मला चाला म्हणू नका. थांबा म्हणा.'

त्यांच्या कागदात तसं नव्हतं. मग त्यांनी पट्टा चालू ठेवला, आणि मधेच, मी बेसावध असताना म्हणाल्या, 'थांबा.'

सांगाडा कुरकुरला. बीप बीप. यंत्र थांबलं.

त्यांनी पुन्हा सुरू करायला लावलं. पुष्कळ वेळ काही बोलल्याच नाहीत, आणि यंत्र मला चालवत राहिलं. मग म्हणाल्या, 'थांबा.' थांबलं. पुन्हा. थांबलं. त्यांनी न सांगता ते एकदाही थांबलं नाही. ते माझं होतं. बाहेरून बघणाऱ्याला मी छताला टांगलेला, लोखंडाला बांधलेला एक माणूस दिसत असणार, पण वर्षभरात पहिल्यांदा मी उभा होतो, कारण मला उभं राहायचं होतं. मी रडलो. हात दांड्यांवर होते, पुसता येत नव्हतं, म्हणून तसाच सगळ्यांसमोर रडलो.

'बास, आता सोडा,' बाई म्हणाल्या. आणि मला सोडता येईना. मांडी दगडासारखी आवळलेली, गुडघा ताठ, यंत्र ओरडतंय, आणि मी सांगतोय पण पाय ऐकत नाही. शेवटी मुलीने लाल बटण दाबलं आणि भावाने पुढे येऊन मला उचललं. बाई मांडी चोळत म्हणाल्या की धरता येतंय तुम्हाला, आता सोडायला शिकायचं, पाऊल म्हणजे तेच, एकदा धरणं आणि एकदा सोडणं, दुसऱ्या टप्प्यात तेच करू. कितपत जमेल हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. आजही मी पाय ताठ करून खिडकीचे गज धरून उभा राहतो, पण सोडता अजून नीट येत नाही.

भावाने मला टेंपोत बसवलं, पट्टा लावला, व्हीलचेअर मागे चढवली. स्वतः बसला, पण चावी फिरवली नाही.

'ते मी काकीला बोललो,' तो म्हणाला, 'ते तू आधीच ऐकलेलंस ना?'

'हो.'

'मला तसंच वाटायचं रं. खरंच वाटायचं.'

'मलापण,' मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि टेंपो सुरू केला.